पारोळ्याच्या पुढेही मऊ

पावाची कुठलीही रेसिपी उघडा, लिहिणाऱ्याला थंडी वाजत असते. ‘कोमट पाणी घ्या.’ ‘मळलेला गोळा स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा.’ जळगावात एप्रिल लागला की उबदार नसलेला कोपरा शोधावा लागतो, आणि तो सापडलाच तर तिथे आधीच घरातलं कोणीतरी ओलं फडकं अंगावर घेऊन झोपलेलं असतं. पारा 45च्या पुढे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला येतं ते हात पोळत येतं. यीस्ट हा जिवंत प्राणी. पंचवीस-तीस अंशांत सुखानं नांदतो, पन्नाशी ओलांडली की राम म्हणतो. त्यामुळे आमच्या घरच्या बटाट्याच्या पावाच्या रेसिपीत ‘कोमट पाणी’ खोडून मी ‘माठातलं पाणी’ असं लिहिलं आहे. ‘दीड तासानं’ हेही खोडलं. दारावर भाजीवाला आला, दोन जुड्या मेथीवरून जरा बोलणं झालं, की इकडे पीठ परातीच्या काठावरून खाली डोकावत असतं. इतक्या घाईनं फुगलेल्या पावाला चव लागत नाही, म्हणून रात्रभर गोळा फ्रीजमध्ये. कैरीचं पन्हं आणि ताकाचं पातेलं या दोघांनी सरकून घ्यायचं.

पण मुळात बटाट्याचा पाव कशाला? तर मुलगी पुण्यात असते. तिच्या मैत्रिणी असला पाव विकत आणतात. ओबडधोबड, वरून तडकलेला, पिठानं माखलेला, आणि किंमत विचारली तर मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. “आई, तुला घरी जमेल,” म्हणाली. खर्चाची गोष्ट आयांना घरी जमते, हा मुलांचा जुना समज.

प्रमाण सोपं आहे. अर्धा किलो मैदा, पाव किलो उकडून किसलेले बटाटे, सात ग्रॅम कोरडं यीस्ट, दहा ग्रॅम मीठ. पाणी मात्र बेतानं, कारण बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणीच असतं आणि मळता मळता ते हळूच बाहेर येतं. सुरुवातीला पीठ कोरडं वाटतं, पाच मिनिटांनी हाताला चिकटतं, दहाव्या मिनिटाला फोन वाजतो.

ओट्याच्या पलीकडे खुर्ची टाकून सासूबाई हे सगळं बघत होत्या. माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं. मराठी उत्तम बोलतात, पण आश्चर्य वाटलं की अहिराणीतच वाटतं. गोळा ट्रेमध्ये ठेवून मी त्यावर ब्लेडनं चीर दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, “व माय! हाऊ पाव शे का बट्टी शे?”

प्रश्न रास्त होता. बट्टी म्हणजे आमच्या भागातलं लग्नाचं, भंडाऱ्याचं जेवण. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन. घट्ट गोळे करून वाफवायचे, कापायचे, तळायचे. सोबत तुरीचं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. शेतात असलं तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. ओबडधोबड, तडकलेली, राखेनं माखलेली. पुण्यात कोणी ती खोक्यात घालून वर सुतळी बांधली तर नक्की खपेल. सासूबाईंना मी हे सांगितलं नाही, त्यांनी सुतळी काढली असती.

पाव भाजायची भट्टी घरात असावी, ही कल्पनाही आमच्याकडे नवीनच. दिवाळीच्या आधी बायका नानकटाईचं सामान डब्यांत भरून बेकरीवर जात. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा. तिथला माणूस तूप तळहातानं फेसून पांढरंशुभ्र करी, आणि प्रत्येकीला वाटे की आपलं तूप शेजारणीच्या मैद्यात जातंय. म्हणून पत्र्याच्या ट्रेवरून नजर हलत नसे. नंबर येईपर्यंत दोन-तीन तास मोडत. तेवढ्यात मोहल्ल्यातली लग्नं ठरत आणि काही मोडत. घरात ओव्हन आला, वेळ वाचला. पण त्या वेळात कळायच्या त्या बातम्या आता कळत नाहीत. हे नुकसान वीजबिलात दिसत नाही. वीजबिलात दिसतं ते वेगळं आहे.

पाव भाजत असताना सासूबाईंनी विचारलं, पावात बटाटा कशाला, मैदा कमी पडला का? मी पुण्याची प्रतिष्ठा राखायला काहीतरी बोलणार होते, पण खरं उत्तर तेच आहे. पार्मांतिए नावाचा एक फ्रेंच औषधनिर्माता होता. प्रशियात युद्धकैदी असताना त्याला बटाटे खावे लागले आणि सुटून आल्यावर त्यानं ते साऱ्या फ्रान्सला खायला लावायचं मनावर घेतलं. 1779 साली त्यानं धान्याचं पीठ अजिबात न घालता निव्वळ बटाट्याचा पाव कसा करावा, यावर पुस्तिका काढली. पहिल्या महायुद्धात धान्य आटलं तेव्हा जर्मनीत सरकारी हुकमानं पावात बटाटा गेला. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मिलो.” 1972च्या दुष्काळात रेशनवर आलेला तो अमेरिकेचा तांबडा मिलो. त्याची भाकरी त्यांनी केली आहे, खाल्ली आहे, आणि पुन्हा करायची हौस त्यांना आजतागायत आलेली नाही. दुसऱ्यांच्या दुष्काळाची मात्र माणसाला हौस वाटते.

ओव्हन 220 अंशांवर होता, स्वयंपाकघर त्याच्या थोडंच मागे. चाळीस मिनिटांनी पाव बाहेर आला. शिजलाय की नाही हे बघायला तो उलटा करून बुडावर टिचकी मारतात; तापीच्या वाळूतलं टरबूज घेताना मारतो तशीच, फक्त टरबुजानं बोट भाजत नाही. पोकळ आवाज आला. सासूबाईंनीही टिचकी मारून खात्री केली. माझ्या कानावर त्यांचा भरवसा नाही.

बटाट्याचं खरं काम दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या उन्हाळ्यात साधा पाव पंख्याखाली उघडा राहिला तर चहा उकळेपर्यंत त्याचा टोस्ट होतो, भट्टीची गरज नाही. बटाट्याचा स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाव लवकर शिळा होत नाही. आम्ही तो फडक्यात गुंडाळून एसटीनं नणंदेकडे धुळ्याला नेला. खिडकीतून लू येत होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पारोळ्यानंतर सासूबाईंनी पिशवीत हात घालून दाबून पाहिलं आणि नुसती मान हलवली. नव्वदेक किलोमीटर आणि अडीच तासांनंतर सुरी न लावता हातानं तुटला, म्हणजे मऊच होता.

नणंदेनं शेवभाजी केली होती. काळा मसाला, वर बोटभर तर्री. पावाचे तुकडे करून तिनं ताटात कुस्करले आणि वरून रस्सा ओतला. पुण्यात ज्या कडक सालीचं एवढं कौतुक असतं, ती रश्श्यात सगळ्यात आधी विरघळली. खाऊन झाल्यावर तिनं मत दिलं : “छान आहे वहिनी. थंडीत येशील तेव्हा मात्र बामणोदची भरताची वांगी आण.”

तर करून बघाच. बटाटे जुने घ्या, नव्यांनी पीठ चिकट होतं. उन्हाळ्यात ओव्हन पहाटे लावा. आणि रस्सा जास्त ठेवा. हा पाव फार पितो.