इमानी कारकुनाची शिफारस

सी या संगणकभाषेत अक्षरमालेचे पूर्णांकात रूपांतर करणारा ‘एटूआय’ नामक जो इमानी कारकून आहे, त्याची रहिमतपुरासारख्या गावाच्या महसुली दप्तरावर विनाविलंब नेमणूक व्हावी, अशी आमची नम्र शिफारस आहे. डावीकडून वाचीत जावे, अंक नसलेले पहिले अक्षर भेटताच लेखणी खाली ठेवावी, आणि तोवर जे हाती लागले तेच संपूर्ण सत्य म्हणून बिनदिक्कत हवाली करावे, हा त्याचा शिरस्ता. इंग्रजी अंकांतला सातबारा दिला, की तो सात परत करतो. नमुना सातातली मालकी शाबूत, नमुना बारातले पीक गायब. गट नंबरातील तिरप्या रेघेपुढचे पोटहिस्से त्यास दिसतच नसल्यामुळे भाऊबंदकीचे पिढीजात दावे एका ओळीत निकाली निघतील. नुकसानभरपाईचे सव्वा लाख स्वल्पविराम घालून लिहिले, तर खातेदारास रोख एक रुपया मिळेल. आकडा देवनागरीत असेल तर शून्य, आणि तेही कसलीही कुरकुर न करता. भूमिहीन आणि दुर्बोध जमीनदार यांना एकाच पंक्तीस बसविणारी अशी समदृष्टी दिवाणी न्यायालयासही साधलेली नाही.

‘स्ट्रटोल’ नावाचा त्याचा एक चोंबडा सहकारी आहे; वाचन नेमके कोठे थांबले ते तो बोट ठेवून दाखवितो, आणि आकडा मर्यादेत मावेनासा झाल्यास तशी वर्दीही देतो. अशा इसमास रयतेच्या कोणत्याही कागदाजवळ फिरकू देऊ नये. त्याला फक्त शेतसाऱ्याच्या वसुलीवर बसवावे.