पुण्य वहिनींना, पोटफुगी गायीला

अहो, ऐकलंत का? सर्वपित्रीला काय झालं ते? नाही? कमाल आहे बाई, अख्ख्या घणसोलीला ठाऊक आणि तुम्हाला नाही!

तर आमच्या बी विंगमधल्या त्या वहिनी, त्याच हो, ज्यांच्याकडे श्राद्धालासुद्धा केटरर येतो... खीर, पुऱ्या, वडे, सगळं ढीगभर उरलं. ते काढलं आणि देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशींच्या गायीपुढे ओतलं. तेही कॅरीबॅगसकट! 2018 पासून बंदी आहे म्हणे पिशव्यांना. असू दे. त्यांचं बघून आणखी चार घरांची पानं गेली. मावशींकडची घासाची पेंढी मात्र कुणी घेईना. महाग वाटते ना!

संध्याकाळी गाय आडवी. डावी कूस ही अशी टम्म, रवंथ बंद. डॉक्टर आले, नळी घातली, सोडा पाजला, आणि मग चष्म्यावरून बघत विचारलं, "पुऱ्या कुणी घातल्या?" वहिनींचा चेहरा असा उतरला म्हणता... लगेच मोबाइल काढून बसल्या. नेटवर्क नव्हतं तिथे, मला ठाऊक आहे!

तर काय सांगत होते... हं, डॉक्टर. म्हणाले, गायीच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, चारा तेच पचवतात. त्यांना सवय गवताची, पेंढ्याची. एकदम कणीक, भात, गूळ पडला की सगळं भराभर आंबतं आणि आम्ल होतं. "पुण्य तुम्हाला, पोटफुगी तिला!" तोंडावर हो! आणि पिशवी पोटात राहिली तर पोट फाडूनच काढावी लागते, हेही ऐकवलं.

मग मावशींची सुरू झाली. "काय गो बाय, आमची भातशेती होती तवा पेंढा घरचाच." खरंच आहे. 1970 ला नवी मुंबई वसवायला सिडको आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले, त्यांवर टॉवर उभे राहिले, गवत कुठून उगवणार? आता पेंढा विकत. म्हणून वाशीच्या भाजी मार्केटातला फ्लॉवरचा पाला, मक्याची सालं आणतात. पण नुसता पाला घातला की शेण पातळ, म्हणून बरोबर सुका पेंढा हवाच. भाताच्या पेंढ्यात कस कमी, ज्वारीचा कडबा बरा, पण तो परवडायला हवा ना.

त्यांचे दीर म्हशी ठेवतात, त्यांचा हिशेब तर आणखी पक्का. दुभत्या म्हशीला रोज वीस-पंचवीस किलो ओला चारा, पाच-सहा किलो सुका, आणि दर दोन लिटर दुधामागे साधारण किलोभर खुराक. खुराक म्हणजे सरकी पेंड, चुनी, भुसा, ज्याचा भाव उतरला असेल त्याचं माप वाढतं. पण एका दिवसात बदल नाही करत हं, आठवडाभर हळूहळू. ओल्या चाऱ्याची कुट्टीच करतात, नाहीतर म्हैस लाडावते, पानं खाते आणि दांडे टाकते. आमच्या धाकट्यासारखी! आणि कोवळी ज्वारी? फुलोऱ्याआधी कापायची नाही. विष असतं तिच्यात, जनावर जागच्या जागी कोसळतं.

हे सगळं ऐकून वहिनी काय म्हणाल्या माहितीये? "आम्ही तर प्रेमाने दिलं." मावशी म्हणाल्या, "प्रेम पेंढीत बी मावतं." पिन ड्रॉप सायलेन्स!

गाय उठली हो आता, रवंथ करतेय. पण तुम्ही वसुबारसेला जाल ना, तर गोग्रास घासभरच ठेवा, पिशवी घरी परत आणा आणि मावशींकडून दोन पेंढ्या घ्या. घासाघीस नको हं. आणि हे मी सांगितलं म्हणून वहिनींना मुळीच सांगू नका!