मुंजाला जागा अपुरी

वड-पिंपळाकडे बघायच्या आपल्या दोनच नजरा आहेत. बुंध्याभोवती पार बांधलेला असेल तर तो देव आणि ड्रेनेजच्या पाइपामागे उगवला असेल तर तो आरोपी. पहिल्याला प्रदक्षिणा, दुसऱ्याला ॲसिड. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या खालोखाल वेळ पिंपळावरच जातो. कावळे-साळुंक्या फळं खातात, गच्चीच्या कठड्यावर बसून बिया टाकतात आणि पुढे प्लास्टरला भेग पडते. पिंपळ काढण्याचा ठराव दर वर्षी एकमताने मंजूर होतो. त्याची प्रत पिंपळाला कुणी देत नसल्यामुळे तो दर वर्षी नव्याने उगवतो.

अशा समाजात पैसे मोजून वड विकत आणणाऱ्या माणसाचं काय होतं, ते मला विचारा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे मी गुलाब सोडून बोन्सायच्या टेबलापाशी जरा जास्त रेंगाळलो आणि पुढे एका नर्सरीतून वितभर उंचीचा वड घेऊन घरी आलो. समोरच्या काकांनी किंमत विचारली. मी सांगितली. त्यांनी माझ्याकडे न बघता वडाकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो, मागच्या भिंतीला आहेत की! फुकट!"

काकांचं अगदीच चूक नव्हतं. मुरलेले बोन्सायवाले जुन्या वाड्यांच्या भिंतींकडे सराफाच्या दुकानाकडे बघावं तसे बघतात. भेगेत अडकून वाढलेल्या झाडाचं खोड जाडजूड आणि वेडंवाकडं होतं, मुळं चपटी होतात. कुंडीत ते रूप यायला वर्षानुवर्षं खपावं लागतं. मी काकांकडून छिन्नी-हातोडा मागून घेतला आणि आमच्या पाइपामागचा पिंपळही आणला. पिंपळ काढल्याचं श्रेय अध्यक्षांनी कमिटीला दिलं.

खरा विरोध घरातच झाला. आई म्हणाली, वास्तुशास्त्रात बोन्साय वर्ज्य आहे, घराची वाढ खुंटते. वाढ खुंटावी अशा गोष्टी आमच्या घरात पुष्कळ आहेत: वीजबिल, गृहकर्जाचं व्याज, माझं पोट. बोन्सायने त्यांतल्या एकाचंही वाकडं केलेलं नाही. मी तिला समजावलं, की ही काही बुटक्यांची वेगळी जात नाही. हाच वड रानात लावला तर शंभर गुरं सावलीला बसतील एवढा होईल. शेंडे खुडून आणि मुळं छाटून त्याला आवरतात, इतकंच. ते तिला पटलं. मग ती पिंपळाकडे वळली.

"पिंपळावर मुंजा असतो."

"अगं, एवढ्याशा पिंपळावर तो बसणार कुठे?"

आईने थोडा विचार केला. "मुंजा म्हणजे आठ वर्षांचं पोर. त्याला कितीशी जागा लागते?"

यावर बोन्सायच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. पिंपळ बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या खोलीपासून लांब ठेवला आहे.

मला विचाराल तर नवशिक्याचं बोन्साय दुर्लक्षाने मरत नाही, मायेने मरतं. ट्रे उथळ, खाली भोकं, आणि आत माती जवळजवळ नाहीच. विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं मुरलेलं शेणखत, तेही चाळून. चाळणीतून खाली पडलेली भुकटी टाकून द्यायची आणि वरचा भरडा वापरायचा. (गव्हाची चाळण यासाठी वापरू नये. वापरलीच तर निदान जागेवर ठेवू नये.) एवढा खटाटोप मुळांना हवा मिळावी म्हणून. पाण्याचं वेळापत्रक नाही. बोट खुपसायचं आणि वरचा थर कोरडा लागला तरच घालायचं. मेमध्ये दिवसातून दोनदा, जुलैत चार-चार दिवस थेंबही नाही. जपानमध्ये म्हणतात, नुसतं पाणी घालायला शिकण्यात तीन वर्षं जातात.

आमच्याकडे ते सगळ्यांना उपजत येतं. आई तुळशीला घालून उरलेला तांब्या वडावर रिकामा करते. बायको चहा घेता घेता "सुकल्यासारखा दिसतोय बिचारा" म्हणून अर्धा मग ओतते. कामाच्या मावशी तांदळाचं धुवण आणतात, कारण त्यात ताकद असते. या तिघींचं पाणी पचवून झाडाला श्वास घ्यायचा असतो. नर्सरीवाला तर याच्या वरताण. "रोज पाणी मारा साहेब, काय होत नाही." तो दुसरं झाड विकायला बसलाय, हे विसरू नये.

वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक पांढरा पाइन आहे. 1625 पासून कुंडीत आहे. 1945 मध्ये तो हिरोशिमात, स्फोटापासून तीनेक किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या अंगणात होता. त्याला काही झालं नाही. 1976 मध्ये मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला आणि बॉम्बचं नावही काढलं नाही. 2001 मध्ये त्यांचे नातू झाड बघायला आले, तेव्हा कुठे ती गोष्ट तिथल्या लोकांना कळली. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच ते झाड द्यायचं आणि वर गप्प बसायचं, हे आमच्या पेठेतल्या माणसाला जमलं नसतं. पण माझी शंका वेगळीच आहे. ते झाड आमच्या बाल्कनीत तांदळाच्या धुवणातून वाचलं असतं का?

पाहुण्यांना वड टीव्हीखाली हवा असतो. त्याला हवं असतं ऊन, म्हणजे बाल्कनीचा कठडा. आणि आमच्या सोसायटीत कठड्यावर कुंडी ठेवायला मनाई आहे. नियम झाडांच्या बाजूचेही असू शकतात. 1923 च्या भूकंपानंतर तोक्योचे बोन्सायवाले शेजारच्या ओमियात गेले आणि 1925 मध्ये त्यांनी तिथे गाव वसवलं. नियम असे होते: प्रत्येकाकडे किमान दहा बोन्साय हवीत, दार सगळ्यांना उघडं हवं, कुंपण झाडांचं हवं, आणि दुमजली घर बांधायचं नाही. मी हे नियम आमच्या सभेत वाचून दाखवले. पार्किंगचा विषय लगेच पुढे घेण्यात आला.

वडाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती ज्येष्ठात. वटपौर्णिमेला बाजारात फांद्या तोडून विकतात, ते बायकोला आवडत नाही. तिने मजल्यावरच्या सगळ्यांना घरी बोलावलं. सोफा सरकवला, टीपॉयवर वड ठेवला आणि सात-सात फेरे सुरू झाले. झाड वितभर, भक्ती पुरुषभर. पाचव्या सुवासिनीनंतर टीपॉयवर नुसतं सूत दिसत होतं. खोडाला वळण देताना साल कापली जाऊ नये म्हणून मी ॲल्युमिनियमची तार किती जपून गुंडाळली होती, हे त्या प्रसंगी सांगण्यात अर्थ नव्हता. पूजेनंतर सूत सोडवायला संध्याकाळ गेली. ओटीतले गहू ट्रेमध्ये सांडले होते ते राहिले, आणि आठवड्यात उगवले. वडाखाली हिरवंगार शेत! आलेल्या प्रत्येकाने माझ्या कल्पकतेची तारीफ केली आणि मी ती घेतली.

पुढच्या वर्षीही सगळ्यांनी यावं. दूध, हळद, पंचामृत ट्रेबाहेरच्या ताम्हनात सोडावं. मुंजावर उपाय सुचवायचे तर आईला सुचवावेत, ती तुम्हाला तिचे सांगेल. आणि एक विनंती: पान खरं आहे की प्लास्टिकचं, हे नखाने खुडून बघू नका. खरं आहे. चीक येतो, आणि त्याचा डाग कपड्यावरून जात नाही.