रहस्यपटाचा दुसरा भाग सहकुटुंब पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

ही पद्धत ‘दृश्यम २’वर बेतलेली आहे. इतर रहस्यपटांना ती ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर लावावी.

आधी घरच्यांची तोंडी परीक्षा घ्यावी. हिंदीतला पहिला भाग २०१५चा, दुसरा २०२२चा. तेव्हा ‘मला सगळं आठवतंय’ या विधानावर विसंबू नये. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत नेऊन विचारावे, २ आणि ३ ऑक्टोबरला साळगावकर कुटुंब कुठे होते? ‘पणजीला, स्वामी चिन्मयानंदांच्या सत्संगाला, मग पावभाजी’ असे न अडखळता सांगेल तो पास. ‘पण ते खोटं होतं ना?’ असे विचारणाऱ्याला निशिकांत कामत यांचा पहिला भाग पुन्हा दाखवावा.

‘मूळ मल्याळमच बघा’ म्हणणारा एक जण घरात असतोच. त्याचे म्हणणे खोडता येत नाही, कारण दिग्दर्शक जीतू जोसेफ आणि अभिनेते मोहनलाल यांनी हे दोन्ही भाग आधीच, २०१३ आणि २०२१मध्ये, करून ठेवलेत. त्याला शेवटही ठाऊक असतो. चहा करायला त्यालाच पाठवावे.

मात्र सुरुवात कुणीही चुकवू नये. पहिल्या भागाच्या अखेरीस कळते की विजय साळगावकरने पुरलेले प्रेत पोलीस ठाण्याच्याच जमिनीखाली आहे. दुसरा भाग नवा खून शोधत बसत नाही. तो प्रेत पुरले त्याच रात्री परत जातो. पोलिसांना चुकवत पळणारा एक माणूस आडोशाला दबा धरून बसतो आणि विजयला त्या अर्धवट बांधलेल्या ठाण्यातून बाहेर पडताना पाहतो. बस्स, एवढेच! सात वर्षे आपल्याला वाटत होते की हे गुपित विजयचे आणि आपले. त्याला तिसरा वाटेकरी निघाला. एरवी दुसऱ्या भागात प्रेते वाढतात, खलनायकाला हेलिकॉप्टर मिळते. इथे फक्त दोन डोळे वाढवलेत, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

पुढचा तासभर सिनेमा संथ वाटेल. विजय आता थिएटरचा मालक आहे, चित्रपट काढायच्या नादाला लागलाय, लेखकाबरोबर शेवटावरून घोळ घालत बसतो. इथे हात मोबाइलकडे जातो. तो बाजूला बसलेल्याने धरावा. पेरणी याच तासात झालेली असते.

मध्यंतरानंतर काही लक्षणे दिसतील, घाबरू नये. अक्षय खन्नाचा पोलीस अधिकारी अहलावत शांतपणे प्रश्न विचारू लागला की पोटात गोळा येतो. तब्बूची मीरा देशमुख मुलगा गमावलेली आई आहे, पुरलेले प्रेत तिच्याच मुलाचे, हे पटते, डोळेही भरतात. तरीही वेळेवर घरपट्टी भरणारा सद्गृहस्थ पोलिसांचा तपास फसावा म्हणून देवाला साकडे घालतो. त्याचा दोष नाही. नव्या सिनेमाला प्रेक्षक आपल्या बाजूला वळवण्यात अर्धा तास घालवावा लागतो. दुसऱ्या भागाला तो कटात आधीच सामील झालेला, तयार मिळतो.

पाहून झाल्यावर शेवट कुणालाही सांगू नये. ज्याने अजून पाहिला नाही त्याला दोन्ही भाग ओळीने पाहायला बसवावे आणि आपण शेजारी बसू नये. तोंड बंद ठेवता येते, चेहरा फितूर होतो.