पराग गोळा करणारा सासरा

मार्च आला की ऑस्टिनमधल्या मोटारी पिवळ्या होतात. ती धूळ नव्हे, लाइव्ह ओकचा पराग. जुनी पानं गाळणं, नवी आणणं आणि लोंबत्या तुऱ्यांतून पराग उधळणं, ही सगळी कामं हे झाड एकाच सुमारास उरकतं. लेकीच्या अंगणातल्या ओकखाली चहा पिताना मी सहज म्हणालो, "मधमाश्याही नेत असतील की हा पराग." जावईबापूंनी फोनवरची नजर न काढता निकाल दिला, "बाबा, ओकचं परागण वारा करतो. माशी कशाला येईल?"

आता मक्याचं परागणही वाराच करतो. तरी आमच्या साताऱ्याकडे मक्याला तुरा आला की सकाळी त्यावर माश्या घोंगावतात. झाडाला माशी नको असली, तरी माशीला पराग हवा असतो. वसंतात पोळ्यात अळ्या वाढत असतात, त्यांना प्रथिनं लागतात. आणि फुकट मिळतंय ते सोडू नये, हे माश्यांना आम्हा पेन्शनरांइतकंच कळतं.

एवढं बोलून थांबलो असतो तर विषय मिटला असता. मी म्हणालो, "दाखवतोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली. ती धरायला बायको. "पडलात तर इथला दवाखाना आपल्याला परवडणार नाही," एवढाच तिचा या संशोधनाला पाठिंबा. मी तुऱ्यापाशी नाक नेलं आणि खरंच माशी आली! तुऱ्याला लटकून अंगभर पराग माखून घेत होती, मग पायांनी झाडून मागच्या पायांवर त्याचे गोळे वळत होती. ओकच्या फुलात मधुरस नसतो. म्हणून पराग ओला करायला लागणारा मध ती घरून पोटात घेऊन निघते. म्हणजे डबा बांधून कामावर! मी मोबाइल वर केला, आणि शिंकलो.

शिंकेनं फांदी हलली, पराग उडाला, त्यानं पुढची शिंक आली. माशी गेली, चष्मा गेला, शिडी बायकोनं सावरली. फोटो निघाला तो माझ्या अंगठ्याचा. जावईबापू बाहेर आले तेव्हा पुरावा म्हणून फक्त मी उरलो होतो: भुवया पिवळ्या, डोळे सुजलेले. डॉक्टरीणबाईंनी ओकच्या परागाची ॲलर्जी सांगितली. त्या घरात ओकचा पराग गोळा करणारा प्राणी म्हणून अधिकृत नोंद झाली ती माझीच.

शेजारच्या गृहस्थांकडे मधपेट्या होत्या. त्यांनी दयाबुद्धीनं पेटीच्या दारात उतरणाऱ्या माश्या दाखवल्या. पायांवर फिकट हिरवट-पिवळे गोळे. "हे ओकचेच कशावरून?" जावईबापू म्हणाले. प्रश्न रास्त होता, हे जास्त झोंबलं. नुसत्या रंगावरून झाड छातीठोक ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कणाची ठेवण, त्यावरच्या खाचा बघाव्या लागतात. "मग सूक्ष्मदर्शक मागवू या," मी म्हणालो. लेकीनं माझ्या हातातला फोन काढून घेतला.

तर मंडळी, मधमाश्या ओकचा पराग नेतात, मी पाहिलंय. मार्चमध्ये मुलांकडे ऑस्टिनला जाणार असाल तर मास्क बरोबर ठेवा, डॉक्टरांना विचारून ॲलर्जीच्या गोळ्याही. आणि जावयानं काही म्हटलं, तर चहा प्या.