हलकं सामान, जड उपदेश

जगप्रवासाला निघणाऱ्याने पाठीवर सात किलोंच्या वर ओझं घेऊ नये, असं हल्लीचे प्रवासगुरू सांगतात. टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापा म्हणे! बदलापूरकराला हे काय शिकवणार? सकाळच्या लोकलमध्ये त्याची सॅक पाठीवर नसतेच, पोटावर असते. तीत डबा, छत्री, बाटली, आणि येताना दादरची मेथीची जुडी. अंबरनाथकर तर बसायला मिळावं म्हणून आधी उलटा बदलापूरला जातो. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा त्याला वेगळा लागत नाही.

सामान कमी करण्याचं शास्त्र उल्हासनगरला विचारावं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली, ती हाताला लागेल तेवढं घेऊन. १९४९मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांना कुणी ‘मिनिमलिस्ट’ म्हटलं नाही, निर्वासित म्हटलं. कौतुक व्हायला परतीचं तिकीट खिशात लागतं.

आता त्याच कॅम्पातल्या बाजारात आपले विश्वप्रवासी घासाघीस करून सॅक घेतात, वर दोन जीन्स. घरी आई कोपऱ्यात चकल्यांचा डबा कोंबते. वजनकाटा बारा दाखवतो. मग बाहेर काय काढायचं? टूथब्रश.