मोहोरावरचा करार

कंपन्यांचे वार्षिक अहवाल मागच्या पानापासून वाचावेत. पुढची पानं फार प्रकाशमान असतात. तिथे पांढऱ्या कोटातली तरुण मंडळी परीक्षानळी उजेडाकडे धरून स्मित करत उभी असतात आणि अध्यक्षांच्या पत्रातलं प्रत्येक वर्ष आव्हानात्मक तरीही आश्वासक असतं. मागची पानं बारीक टाइपातली, आणि त्या टाइपात कंपनी खरं बोलते. कायद्यानं बोलावंच लागतं म्हणून बोलते, पण आवाज इतका खाली घेते की ऐकायलासुद्धा चष्मा लागतो. कधीकाळी कुणाच्या तरी आग्रहावरून मी एका जैवतंत्रज्ञान कंपनीचे थोडे शेअर घेऊन ठेवले. भाव चढला की मला कळत नाही आणि उतरला की कुणी कळवत नाही, असा आमचा सुखाचा संबंध आहे. त्यातून मला मिळालेला खरा लाभांश म्हणजे पावसाळ्यात येणारा तो जाडजूड अहवाल. बाहेर रत्नागिरीचा पाऊस आडवातिडवा कोसळत असतो, वीज गेलेली असते, आणि मी खिडकीशी बसून परक्याच्या हिशेबात रमलेला असतो.

अशाच एका टिपणात लिहिलं होतं, की औषधांच्या चाचण्यांसाठी आणि सल्लासेवांसाठी केलेल्या करारांपोटी कंपनीला पुढच्या काळात अमुक इतके कोटी द्यावे लागतील. ताळेबंदात मात्र या रकमेचा मागमूस नव्हता. त्याचं कारण साधं आहे. ज्या कामाचे पैसे द्यायचे ते काम अजून व्हायचंय. म्हणून हे कर्ज नव्हे. पण सह्या झाल्यात. म्हणून हे काहीच नाही असंही नव्हे. देणं आणि न-देणं यांच्या मधल्या संधिप्रकाशात उभी असलेली ही रक्कम हिशेबनीस मागच्या पानावर नेऊन ठेवतात. मला त्या रकमेविषयी एकदम आपलेपणा वाटला. माणसाचं निम्मं आयुष्य अशाच टिपणांत असतं. पुतण्याला गणपतीपुळ्याला न्यायचं कबूल केलंय, परसातला ढासळलेला गडगा दिवाळीनंतर बांधायचं कबूल केलंय, एका जुन्या मित्राला सविस्तर पत्र लिहायचं कबूल केलंय. आपल्या ताळेबंदात यातलं काहीच दिसत नाही. लेखापरीक्षक बायको असेल तर मात्र तिला सगळं तोंडपाठ असतं.

कराराच्या त्या रकमेकडे बघताना मुंबईपुण्याच्या गुंतवणूकदाराला काय वाटत असेल कोण जाणे; आम्हा रत्नागिरीकरांना ती ओळखीची वाटते. कारण आमच्याकडे आंब्याच्या बागा अशाच दिल्या जातात. थंडी पडते, कलमं मोहरतात, आणि व्यापारी बागेत येऊन मान वर करून फिरतो. झाडावर फळ एकही नसतं. असतो तो वास, मधमाश्यांची गुणगुण आणि शंभर प्रकारच्या शंका. तेवढ्यावर आकडा ठरतो. काही पैसे आगाऊ, काही शिमग्याला, उरलेले पेटी बाजारात गेल्यावर. मग तुडतुडे येतात, फुलकिडे येतात, अवकाळी पावसाची एक सर येऊन मोहोर काळा करून जाते, कैरी वाटाण्याएवढी होते न होते तोच गळते. औषधाच्या चाचणीचा करारही मोहोरावरच होतो. रेणू सापडलेला असतो, उंदरांवर त्याचं बरं चाललेलं असतं, आणि माणसांच्या अंगात तो काय करील हे कुणालाच ठाऊक नसतं. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा. प्रत्येक टप्प्यावर फळगळ. पैसे तिथेही हप्त्यांनी. इतके रुग्ण दाखल झाले की इतके, प्रत्येक भेटीचे इतके, तपासणीतच अपात्र ठरला तर त्या तपासणीपुरते इतके, आणि कंपनीनं मधेच चाचणी थांबवली तर थांबवल्या दिवसापर्यंतचे इतके.

फरक एवढाच, की आंब्याच्या करारात आंबा यावा अशी दोघांचीही इच्छा असते. चाचणीच्या करारात इच्छा बाळगायलाच बंदी आहे. औषध गुणकारी ठरलं तरच पैसे, असं कलम कुणी घातलं तर तो करार राहणार नाही, लाच होईल. जगातले बाकीचे करार काहीतरी करून दाखवण्याचे असतात. हा मात्र खरं काय ते शोधून काढण्याचा, आणि उत्तर 'नाही' असं आलं तरी बिल चुकतं करण्याचा. इतके कोटी मोजून कदाचित नकार विकत घेण्याची तयारी! आमच्या गल्लीत मुलीकडच्यांना नकार कळवायला पन्नास पैशांचं पोस्टकार्ड टाकायचीही कुणाची तयारी नसे.

त्यात पुन्हा न कळण्याची शिस्त. उत्तम चाचणीत अर्ध्या लोकांना खरं औषध आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं निरुपद्रवी काहीतरी, किंवा जुनंच औषध देतात. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. सांकेतिक यादी तिसरीकडेच कुलपात असते. हे कलम वाचून मी मनापासून हसलो. ज्या गावात शेजारच्या घरी आज सुरमई आली की बांगडा, हे फोडणी पडायच्या आधी तिसऱ्या घराला कळतं, तिथे कुणाला काय दिलं हे वर्षभर कुणालाच न कळू देण्याचा करार! आमचे अण्णा म्हणाले, "अरे, पाकीट कशाला उघडायला हवं? कोण किती कुरकुरतो त्यावरून मी सांगतो की गोळी खरी कुणाची." अण्णांचा हा सिद्धान्त संशोधकांनाही मान्य आहे, म्हणून तर ते डॉक्टरलाही अंधारात ठेवतात.

सल्लासेवांच्या रकमेपाशी मात्र अण्णा गंभीर झाले. केवळ सल्ला द्यायचे पैसे मिळतात, आणि तेही लेखी करार करून, ही बातमी त्यांना फार उशिरा कळली. वास्तविक अशा सल्लागारांचं काम हलकं नसतं. किती रुग्ण घेतले तर निष्कर्षाला वजन येईल, कोणत्या दुष्परिणामानंतर चाचणी तिथल्या तिथे थांबवायची, औषध नियंत्रकांपुढे कोणती माहिती कशी मांडायची, हे सांगणारी ती अनुभवी माणसं. पण कोकणात सल्ला ही पावसासारखी वस्तू आहे: मागावी लागत नाही, थांबवता येत नाही आणि छपरात जिथे भोक असेल तिथूनच घरात येते. अण्णांनी आजवर दिलेल्या सल्ल्यांचं बिल लावायचं तर निम्मी आळी कर्जबाजारी होईल. सल्लागारानं सल्ला गुप्त ठेवायचा असतो, हे मी सांगितल्यावर त्यांचा या व्यवसायातला रस एकदम संपला.

लहानपणी एक करार मी फार जवळून पाहिला. आत्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या ढिगातून काहीतरी काढायला गेली आणि तिला विंचू चावला. वाडीतला विंचू उतरवणारा म्हातारा आला. त्याची अट एकच: गुण आला तर नारळ, नाही आला तर काही नाही. तो रात्रभर आत्याच्या खाटेशी पुटपुटत बसला आणि पहाटे नारळ घेऊन गेला. विंचू उतरवणाऱ्यांना यश बहुधा मिळे, कारण पुष्कळ दंश वेदनेवरच निभावतात. त्यांच्या मंत्राची रीतसर चाचणी कधी झाली नाही. तिच्यासाठी मंत्र न म्हणता सोडून दिलेली दुसरी आत्या लागली असती, आणि आमच्या घरात एकच होती. पण लाल विंचवाचं विष ज्यांच्या हृदयापर्यंत गेलं, त्यांच्यापुढे मंत्र हरत असे. घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी भरायचं. कोकणातली कितीतरी पोरं अशी गेली. त्या घरी नारळ घ्यायला कुणी थांबत नसे.

सावित्रीकाठच्या महाडजवळ, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात एक तरुण डॉक्टर आले. डॉ. हिंमतराव बावस्कर. तेही विंचू चावलेल्यांच्या खाटेशी रात्र रात्र बसत. पण ते बघत आणि लिहून ठेवत. विषामुळे शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. मग त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? असं औषध बाजारात होतंच, रक्तदाबावरचं प्राझोसिन. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या स्वप्नातही विंचू नसावा. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये या उपचाराविषयी बावस्करांचं लेखन आलं आणि मरणारी माणसं वाचू लागली. पुढे विंचवाच्या विषावरचा प्रतिविष-रस आला. तेव्हा बावस्कर पतिपत्नींनी 70 रुग्णांवर चाचणी केली: निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि रसही. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्या गटात 35 पैकी 32. 2011 साली 'बीएमजे'नं हे छापलं. 2022 साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. स्वतःच्या औषधाला वरचढ ठरेल अशा जोडीची तुलना स्वतःच मांडायची, याला जे मन लागतं ते कुठल्याच करारात कलम घालून मिळत नाही.

तो रस परळच्या हाफकिनमधला. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून तो काढतात. घोड्यांच्या सहीचा प्रश्न अजून कुणी उपस्थित केलेला नाही. आणि ज्यांचं नाव त्या संस्थेला आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांनी तर कराराची अडचणच मिटवून टाकली होती. मुंबईत प्लेगनं घरं ओस पडत असताना त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. प्रायोजक तेच, संशोधक तेच, रुग्णही तेच. प्रतिपक्ष नसल्यामुळे करार झाला नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेनं पुढे आले. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा केवढीशी असते, हा प्रश्न विचारायला जगाला पुढे बरीच दशकं लागली.

आज तो प्रश्न कायद्यानं विचारला जातो. नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, 2019 हे भारतातले नियम मी आंब्याच्या मोसमात, कोयी वाळत घातलेल्या अंगणात बसून वाचले, आणि सांगतो, रुक्ष भाषेतही करुणा दडून बसू शकते. नैतिकता समितीत किमान सात जण हवेत आणि त्यांत एक तरी सामान्य नागरिक हवा, म्हणजे सगळे विद्वान एका सुरात मान हलवत असताना "म्हणजे नेमकं काय करणार?" असं विचारणारा कुणीतरी कायद्यानंच आणून बसवलाय. भरपाईचं तर सूत्रच आहे. चाचणीमुळे मृत्यू आला तर मूळ रक्कम 8 लाख, तिला वयाचा गुणक, मग जोखमीचा गुणक आणि भागिले 99.37. हा विचित्र आकडा कुठून आला म्हणून बघितलं, तर कामगार-भरपाईच्या कायद्यात 65 आणि त्यापुढच्या माणसाचा जो गुणक आहे तोच हा. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाचं वय वर-खाली छेदून नाहीसं होतं. अंगात आजार नसेल तर जोखमीचा गुणक 4, रक्कम 32 लाख. मरणपंथाला लागलेला असेल तर अर्धा, रक्कम 4 लाख. आपली किंमत इतक्या स्वच्छपणे मांडलेली बघून क्षणभर हसू येतं. मग लक्षात येतं, की ज्या माणसांच्या जाण्याची नोंद एके काळी गावच्या दप्तरात 'विंचूदंश' एवढ्या एका शब्दात संपायची, त्यांच्यासाठी कुणीतरी बसून हा भागाकार केलाय.

कोट्यवधींच्या त्या करारांवर कंपनी सही करते, रुग्णालय करतं, डॉक्टर करतो. शेवटी एका वेगळ्या कागदावर रुग्ण सही करतो, नाहीतर साक्षीदारासमोर अंगठा उठवतो. सगळ्यांत थोड्या पानांचा कागद तोच, आणि बाकीचे सगळे करार उभे आहेत ते त्याच्यावर. म्हणून एवढंच सांगणं: तुमच्यापुढे किंवा घरातल्या कुणापुढे असा कागद आला तर घाबरू नका आणि घाईही करू नका. तो तुम्हाला समजेल अशा भाषेत असायलाच हवा. काही बिघडलं तर उपचार कोण करणार आणि भरपाई कोण देणार, हे विचारा. मधेच बाहेर पडायचा हक्क तुमचा आहे, कारण न सांगता. 15 जून 2009 पासून भारतातल्या अशा चाचण्या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवाव्या लागतात आणि ती नोंदवही कुणालाही फुकट बघता येते. तिथे त्या चाचणीचं नाव आहे का ते पाहा. आणि सही केलीत तर कागदाची एक प्रत मागून घ्या. ती देणं त्यांना बंधनकारक आहे.